दाईला मुभा, प्रवाशाला मज्जाव

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने १८९० साली रेल्वेसाठी एक कायदा केला. गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांचे डबे वेगळे असावेत, सोयी मात्र सारख्या असाव्यात. ठरवून दिलेल्या डब्यात बसायला नकार देणाऱ्याला २५ डॉलर दंड किंवा वीस दिवस कैद. कायदा छोटा आहे आणि वाचायला रुक्ष आहे. पण त्याच्या शेवटाकडे एक अपवाद आहे, आणि ‘सेग्रिगेशन’ म्हणजे काय हे समजून घ्यायला माझ्या मते तेवढा अपवाद पुरेसा आहे. दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना हा कायदा लागू नव्हता.

एखादी काळी बाई स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात चढली, तर गुन्हा. तीच बाई मालकाचं गोरं मूल कडेवर घेऊन त्याच डब्यात चढली, तर कुणाची हरकत नाही. श्वास तोच, स्पर्श तोच, बाकावरची जागा तीच. बदललं ते इतकंच, की पहिल्या वेळी ती प्रवासी होती आणि दुसऱ्या वेळी नोकर. वेगळं ठेवण्याचा हेतू दोन समाजांत अंतर राखण्याचा असता, तर दाईला सर्वांत आधी बाहेर काढलं असतं. ती तर मुलाला भरवते, न्हाऊमाखू घालते, कुशीत घेऊन झोपवते. दाईचं जवळ असणं कुणाला खुपत नव्हतं. बरोबरीने बसणं खुपत होतं.

या कायद्याला आव्हान देण्यासाठी न्यू ऑर्लिन्समधल्या मिश्रवंशीय आणि काळ्या नागरिकांनी १८९१ साली एक समिती स्थापन केली. त्यांनी खटला अक्षरशः घडवून आणला. ७ जून १८९२ रोजी जोडे बनवणारा होमर प्लेसी हा तरुण कारागीर पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. तो इतका गोरा दिसे, की त्याने सांगितल्याशिवाय तो ‘चुकीच्या’ डब्यात आहे हे कुणाला कळलं नसतं. त्याला पकडण्यासाठी समितीने स्वतःच्या खर्चाने एक खासगी गुप्तहेर नेमला होता. रेल्वे कंपनीलाही कल्पना होती, आणि तिची ना नव्हती, कारण प्रत्येक गाडीला जादा डबा जोडायचा म्हणजे जादा खर्च.

प्लेसीच्या वकिलांचा, विशेषतः अल्बियन टूर्झे यांचा, मुद्दा साधा होता. अमेरिकन राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ साली झाली. गुलामगिरी संपल्यावर काळ्यांना कायद्याचं समान संरक्षण मिळावं म्हणूनच ती झाली. मग सरकारच कुणी कुठे बसायचं हे कातडीवरून ठरवू लागलं, तर त्या दुरुस्तीत उरलं काय?

१८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा मताने प्लेसीच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती हेन्री ब्राऊन यांचं म्हणणं थोडक्यात असं: डबे दोघांचेही वेगळे आहेत, काळ्याला गोऱ्यांच्या डब्यात मज्जाव तसा गोऱ्याला काळ्यांच्या डब्यात. त्यात काळ्यांना कमीपणा वाटत असेल, तर तो कायद्यात लिहिलेला नाही. तो अर्थ त्यांनी स्वतःहून लावून घेतला आहे.

हा युक्तिवाद कायदेशीर अंगाने पाहिला तर चतुर आहे. कागदावर दोन्ही बाजूंना सारखीच बंदी आहे. पण कागदाला अर्थ येतो तो आजूबाजूच्या समाजातून, आणि तीस वर्षांपूर्वीपर्यंत माणसांचा लिलाव ज्या समाजात होत होता, तिथे वेगळ्या डब्याचा अर्थ काय हे न्यू ऑर्लिन्समधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. न्यायालयाने नेमक्या त्याच अर्थाकडे डोळेझाक केली. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन मात्र स्पष्ट बोलले: गोऱ्यांना काळ्यांच्या डब्यातून दूर ठेवायला हा कायदा केला आहे असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. हार्लन केंटकीच्या गुलाम बाळगणाऱ्या घरातले. त्यांच्या या मतनोंदीचा फार गौरव होतो. पण तिच्यातच चिनी लोकांविषयी एक तुच्छतेने भरलेला परिच्छेद आहे, तो उद्धृत करताना सहसा गाळला जातो. प्लेसीने पुढे गुन्हा कबूल करून २५ डॉलर भरले. लुइझियानाच्या राज्यपालांनी त्याला माफी दिली ती २०२२ साली.

‘वेगळे पण समान’ हे सूत्र पुढे अठ्ठावन्न वर्षं चाललं. समान काहीच नव्हतं. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन परगण्यात १९४९-५०च्या सुमारास गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होई आणि काळ्या मुलामागे ४३. गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला तीस बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती, आणि ती पोरं मैलोन्‌मैल चालत. हे आकडे महत्त्वाचे आहेत. तरी मला त्यांच्यापेक्षा अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराचा १९३०चा नियम अधिक बोलका वाटतो. त्यानुसार काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र पत्ते, फासे, डोमिनो किंवा चेकर्स खेळणं गुन्हा होता. त्याच शहरातल्या गोऱ्या घरांत काळ्या बायका रोज स्वयंपाक करत होत्या. म्हणजे हातचं खाल्लेलं चालत होतं, समोरासमोर डाव मांडलेला चालत नव्हता. डावात दोघांना नियम सारखे असतात आणि कधी ना कधी गोरा हरतो.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक फरक जाणवेल. आपल्याकडे पंक्तिभेदात अन्न आणि पाणी हाच गाभा, विटाळाची कल्पना हीच कुंपणाची काठी. अमेरिकेत ती तशी नव्हती. म्हणून दोन्ही प्रथांना एकाच मापाने मोजू नये हे खरं. पण न्यायालयात उभं राहिल्यावर दोन्हीकडच्या वकिलांची भाषा चकित करण्याइतकी सारखी होते, आणि तिथे महाडची आठवण अपरिहार्य आहे.

सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सरकारी आणि सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर काम संपलं होतं. तरी कुणाची पाणी भरायची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. नंतर तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली. याच तळ्याचं पाणी मुसलमान भरत, गुरंढोरं पीत. दाईचा अपवाद जे सांगतो, तेच ही यादी सांगते.

वर्षाच्या अखेरीस सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असा त्यांचा दावा. तो दहा वर्षं चालून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर निकालात निघाला. (१९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच.) निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. पण कशावर? वहिवाट अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, यावर. अशी वहिवाट मुळात अन्यायाची आहे का, ती सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरायची न्यायालयाला गरजच भासली नाही.

अमेरिकेत याच्या वीस वर्षं आधी असंच घडलं होतं. केंटकीतल्या लुईव्हिल शहराने १९१४ साली ठराव केला, की ज्या रस्त्यावर गोऱ्यांची घरं जास्त तिथे काळ्याने राहायला जायचं नाही, आणि उलटही. गोऱ्या घरी राहणाऱ्या काळ्या नोकरांना मात्र सवलत होती. पुन्हा तेच! नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने इथेही खटला घडवून आणला. काळ्या खरेदीदाराने म्हटलं, मला तिथे राहता येणार नसेल तर मी पैसे देणार नाही. म्हणून गोऱ्या विक्रेत्याने त्याच्यावर दावा लावला. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठराव एकमताने रद्द केला, कारण त्यामुळे मालकाच्या मालमत्ता विकण्याच्या हक्कावर गदा येत होती. अपमान कुणाचा झाला, हा विषयच आला नाही. मालमत्तेचा कायदा आणि वहिवाटीचा कायदा या दोन चोरवाटांनी दोन खटले जिंकले गेले, आणि राजमार्ग तसाच बंद राहिला.

तो उघडायला सुरुवात झाली ५ जून १९५० रोजी. त्या एका दिवशी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने तीन निकाल दिले. त्यांतला जॉर्ज मॅक्लॉरिन यांचा खटला मला सर्वांत लक्षणीय वाटतो. मॅक्लॉरिन हे वयस्क शिक्षक. ओक्लाहोमा विद्यापीठाने त्यांना न्यायालयाच्या दणक्यामुळे डॉक्टरेटसाठी प्रवेश दिला. इमारत तीच, प्राध्यापक तेच, पुस्तकं तीच. फक्त वर्गाला लागून असलेल्या एका कोनाड्यासारख्या खोलीत त्यांची खुर्ची ठेवली, ग्रंथालयात माळ्यावर एक ठराविक टेबल दिलं, आणि उपाहारगृहात इतरांपेक्षा वेगळ्या वेळी, वेगळ्या टेबलावर जेवायला सांगितलं. खटला वर जाईपर्यंत कोनाड्याऐवजी वर्गातच पण राखीव ओळीत बसवायला लागले. सोयींच्या तराजूत टाकलं तर कमी काहीच नव्हतं. न्यायालय म्हणालं, हे तरीही असमान आहे. सहाध्यायांशी चर्चा करणं, वाद घालणं हा शिक्षणाचाच भाग आहे आणि तो यांना नाकारला जातो. दुसरा खटला हेमन स्वेट या पोस्टमनचा. त्याच्यासाठी टेक्सासने घाईघाईने काळ्यांचं वेगळं विधी महाविद्यालय काढलं, तेव्हा न्यायालयाने विचारात घेतलं, की जुन्या महाविद्यालयाचा नावलौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, परंपरा या मोजता न येणाऱ्या गोष्टी कुठून आणणार? तिसरा खटला रेल्वेच्या भोजनयानातल्या पडद्याचा होता. काळ्या प्रवाशांची टेबलं त्या पडद्याआड असत. विटा, बाकं, पुस्तकं मोजणं संपून न्यायालय पहिल्यांदा अर्थ मोजू लागलं होतं.

१७ मे १९५४ रोजी शाळांतल्या वेगळेपणाला आव्हान देणाऱ्या ‘ब्राऊन’ खटल्याचा (हे ब्राऊन न्यायमूर्ती नव्हेत, दावेदार) एकमुखी निकाल लागला आणि सरकारी शाळांपुरतं ‘वेगळे पण समान’ संपलं. त्यात पाच खटले एकत्र केले होते. क्लॅरेंडनच्या बसचा त्यांतला एक. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं, की केवळ वंशामुळे वेगळं ठेवल्याने मुलांच्या मनात आपल्या दर्जाविषयी न्यूनत्वाची भावना निर्माण होते. पुराव्यांत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचे बाहुल्यांचे प्रयोग होते. रंग सोडून बाकी सारख्या बाहुल्या मुलांसमोर ठेवायच्या आणि चांगली कुठली, वाईट कुठली, तुझ्यासारखी कुठली, असं विचारायचं. कित्येक काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीला चांगली म्हटलं.

निकाल थोर आहे, पण त्याला दिलेला हा टेकू मला नेहमीच खटकतो. एक तर क्लार्क यांच्याच निरीक्षणात उत्तरेकडच्या, एकत्र शाळांतल्या काळ्या मुलांनीही गोरी बाहुली पसंत केली होती, किंबहुना जास्तच. टीकाकारांनी हे लगेच हेरलं. दुसरं म्हणजे, अन्याय सिद्ध करण्यासाठी अन्याय सोसणाऱ्याचं मन दुखावलं आहे की नाही हे तपासायचं, म्हणजे उद्या एखादं खमकं पोर म्हणालं ‘मला काही वाटत नाही’, तर काय, कायदा योग्य ठरणार? चार्ल्स ब्लॅक या टेक्सासमध्ये वाढलेल्या गोऱ्या प्राध्यापकाने १९६० साली येल विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात याचं सणसणीत उत्तर दिलं. त्याचा रोख असा होता: सेग्रिगेशनचा अर्थ काय हे विचारायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. दक्षिणेतल्या प्रत्येक माणसाला तो माहीत आहे, कारण ती तिथली रोजची राहणी आहे. ती प्रथा कुणी निर्माण केली, कुणाला मतपेटीपासून दूर ठेवून केली, हे बघा. एवढं बघूनही ही समानता आहे असं कुणी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, तर हसण्यापलीकडे त्याला उत्तर नाही.

समाजाने या निकालाला दिलेलं उत्तर मात्र हसण्यासारखं नव्हतं. १९६४ उजाडलं तरी दक्षिणेतल्या शंभर काळ्या मुलांपैकी जेमतेम दोन गोऱ्या मुलांबरोबर शिकत होती. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं, पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, काळी मुलं घरी बसली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात सार्वजनिक पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करायची वेळ आली, तेव्हा शहराने ते चालवणंच बंद केलं. हा वाद १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पाच विरुद्ध चार मतांनी शहर जिंकलं: तलाव गोऱ्यांनाही बंद, काळ्यांनाही बंद, मग भेदभाव कुठला? पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या डब्याचाच युक्तिवाद, फक्त पाण्यात बुडवून काढलेला.

आता घरांकडे येऊ. आज अमेरिकेत पाट्या नाहीत, कायदे नाहीत, तरी शहरांचे रंग वेगळे राहिले ते घरांमुळे. लुईव्हिलसारखे ठराव रद्द झाल्यावर तेच काम खरेदीखतांनी हाती घेतलं. हे घर काळ्या माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही, अशी अट दस्तात घातली जाई आणि पुढच्या प्रत्येक मालकाला ती बांधून ठेवी. १९३४ साली स्थापन झालेलं संघीय गृहनिर्माण प्रशासन कर्जांना विम्याचं कवच देई, आणि अशा अटीचा नमुनाच त्याने तयार करून दिलेला होता. त्या नमुन्यात मालकाकडे राहणाऱ्या घरगड्यांना वगळलेलं होतं, हे आता वाचकाने ओळखलंच असेल. शहरांचे नकाशे हिरवा, निळा, पिवळा आणि लाल अशा चार रंगांत रंगवले गेले, आणि काळ्यांच्या वस्त्या लाल झाल्या. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाने सरकारी हमी मिळावी म्हणून आपली नवी गोरी वसाहत आणि शेजारची काळी वस्ती यांच्यामध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत घातली. मग हमी मिळाली.

खरेदीखतांतल्या या अटी न्यायालयांनी बजावून द्यायच्या नाहीत, असा निर्णय १९४८ साली झाला. अट खासगी असेल, पण पोलीस पाठवून ती अमलात आणणारं न्यायालय सरकारच असतं, हा त्यातला कळीचा विचार. नऊपैकी तीन न्यायमूर्ती त्या खटल्यातून बाजूला झाले. कारण त्यांनी दिलं नाही, पण त्यांच्याच घरांच्या दस्तांत अशा अटी असाव्यात असं सर्रास मानलं जातं.

वस्त्या तोवर घडून गेल्या होत्या. १९७४ साली डेट्रॉइटच्या शाळांचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. शहरात बहुतांश काळी मुलं आणि उपनगरांत गोरी, तर दोन्ही मिळून मुलांना एकत्र शिकवण्याची योजना आखा, असा खालच्या न्यायालयाचा आदेश होता. तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला: उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध नाही, म्हणून त्यांच्यावर भार नाही. बहुमतातले न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी तर लिहिलं, की शहरातल्या शाळांत काळ्या मुलांची बहुसंख्या होण्यामागची कारणं अज्ञात आणि कदाचित अज्ञेय आहेत. काँक्रीटची ती भिंत त्याच शहरात उभी होती. कायद्याने लादलेलं वेगळेपण आणि ‘आपोआप’ झालेलं वेगळेपण, अशी फारकत अमेरिकन कायदा आजही करतो. पहिल्यावर इलाज आहे, दुसऱ्यावर नाही. म्हणून सरकारी शिक्का पुसट झाला, की पहिलं हळूच दुसऱ्या खात्यात जमा होतं.

भारतीय घटनाकारांपुढे यातला तोवरचा अनुभव होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशीही केली होती. आपल्या घटनेचं कलम १५(२) बघा: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट. त्या यादीत महाड आहे. अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीचा रोख सरकारवर आहे. आपलं हे कलम मात्र सरकारला ओलांडून दुकानदारालाही बांधतं, आणि कलम १७ अस्पृश्यतेवर थेट बंदी घालतं.

घर मात्र त्या यादीत नाही. अहमदाबादेतल्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याची अट होती. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली: सहकारी संस्था स्वेच्छेने एकत्र आलेल्या लोकांची असते आणि तिच्यावर मूलभूत हक्कांचं बंधन थेट येत नाही. पारशी समाज अगदी लहान, आपली वसाहत टिकवण्याची त्याची धडपड समजण्यासारखी आहे. पण निकालाचं तत्त्व लहान समाजापुरतं थांबत नाही. जी मोठी, बलवान जात किंवा जो धर्मसमूह संस्था काढेल, त्यांनाही ते लागू होतं. खासगी घरमालकालाही भेदभावाबद्दल जाब विचारता येईल अशा सर्वसमावेशक कायद्याचं एक खासगी विधेयक शशी थरूर यांनी २०१७ साली लोकसभेत मांडलं होतं. ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. मुंबईच्या दलालाला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही. तो फोनवर आधी आडनाव विचारतो, मग खाणं काय ते. त्याच सोसायटीत त्याच आडनावाची बाई रोज सकाळी धुणंभांडी करायला येते, आणि काही ठिकाणी तिच्यासाठी लिफ्टही वेगळी असते.